झाडाखाली काही हललं नाही

टाळ्यांचा आवाज आला की मी अजूनही उठून बाहेर जातो. मग त्या शाळेच्या गॅदरिंगच्या असोत की कुणाच्या वाढदिवसाच्या. बायको म्हणते, हे तुमचं नाटक आहे. नाटक नाही. त्या दिवशी वनखात्याच्या एका मोठ्या कार्यालयाच्या थंडगार हॉलमध्ये, भिंतीएवढ्या पडद्यावर, जंगलाकाठच्या गावाचं चित्र न तुटता, न अडखळता चाललं आणि वीस-पंचवीस लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मी मान झुकवून, हसून घेतल्या. पडद्याच्या मधोमध एक मोहाचं झाड होतं. त्या झाडाखालची जागा मी त्या चित्रात आधीच बंद करून टाकली होती. ही गोष्ट त्या हॉलमध्ये फक्त मला आणि ते काम घेतलेल्या ठेकेदाराला ठाऊक होती.

मी व्हिडिओ लहान करणारा माणूस आहे. घुग्घुसला वाढलो, बाप कोळशाच्या खाणीत होता. पुढे मोठ्या शहरात एका कंपनीत चौदा वर्षं हेच काम केलं आणि बापाच्या छातीनं दगा दिला तेव्हा परत आलो. आता चंद्रपुरात घरी बसून मिळेल ते काम करतो. आमच्या नातेवाइकांना हा धंदा कधीच कळला नाही. लग्नाचं शूटिंग करतो का, असं विचारतात. मी समजावून सांगायला मिस्ड कॉलची गोष्ट सांगत असे. आता ती सांगायचीही लाज वाटते, पण इथे सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बाप मोटारसायकलवर शिफ्टला जायचा. पोचला की एक रिंग देऊन फोन कापायचा. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन रिंगा म्हणजे डबल ड्यूटी, जेवायला थांबू नका. आणि खरंच काही झालं असेल तर रिंग थांबायचीच नाही. मग आई पदराला हात पुसत धावत येऊन फोन उचलायची, कारण त्याला बोलणं लागायचं. रोज घडणाऱ्या गोष्टीला छोटी खूण आणि क्वचित घडणारीला लांब, एवढीच ती विद्या.

व्हिडिओ म्हणजे भराभर काढलेले फोटो. सगळे पाठवायचे तर जंगलातलं नेटवर्क पहिल्याच मिनिटाला मान टाकतं. म्हणून एक फोटो पूर्ण पाठवायचा आणि पुढे फक्त सांगत राहायचं की त्यातलं काय कुठे सरकलं. चित्राचे बारीक चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोन मागच्या चित्रापासून किती आणि कुठे हलला, ते शून्य आणि एकात लिहायचं, असा एकेक आकडा म्हणजे एक बिट. शेजारचे चौकोन जसे हलले तसाच हाही हलला असेल असं धरून चालायचं आणि फरक तेवढा लिहायचा. थोडा फरक असेल तर दोन-तीन बिट, मोठा असेल तर पंधरा-वीस. आणि सगळ्यात जास्त वेळा काय घडतं? काहीच घडत नाही. भिंत, जमीन, खांब, सगळं जागच्या जागी असतं. म्हणून 'हललं नाही' याला सगळ्यात स्वस्त खूण दिलेली असते, एक बिट. तो बिट मिळाला की पलीकडचं यंत्र आधीच्या चित्रातला तोच चौकोन उचलून पुन्हा तिथेच चिकटवतं. पाहणाऱ्याला वाटतं, तो आत्ताचं पाहतोय.

या शेवटच्या वाक्याचा मला तेव्हा अभिमान होता.

ठेकेदार राजुऱ्याकडचा होता. आधी रस्त्याच्या खडीची कामं घ्यायचा, मग सोलर दिवे, आणि आता जंगलाकाठच्या गावांसाठी वाघाचा सायरन. खांबावर कॅमेरा, कॅमेऱ्यावर सोलरची पाटी, व्हिडिओ नेटवर्कवरून चंद्रपुरात यायचा. तिथला कॉम्प्युटर पूर्ण चित्र न उघडता फक्त हालचालीच्या नोंदी वाचायचा आणि जनावरासारखी हालचाल दिसली की गावातला सायरन वाजवायचा. हालचालीच्या नोंदी वाचून जनावर ओळखायची युक्ती माझी होती. ठेकेदार मला सगळीकडे 'आमचे इंजिनिअर साहेब' म्हणून मिरवायचा आणि मीही मिरवून घ्यायचो.

गाव अहेरीच्या वाटेवर, मुख्य रस्ता सोडून आत. मार्चचा शेवट होता, मोह गळायला लागला होता. तिथे मोहाचं झाड घराण्याचं असतं. कोणतं झाड कुणाचं ते लहान पोरांनाही ठाऊक असतं. बाया पहाट फुटताच टोपली घेऊन निघतात, आपापल्या झाडाखाली बसतात आणि फुलं वेचतात. वाकून, बसून, सरकत सरकत, दोन-तीन तास. वाघाच्या डोळ्याला वाकलेला माणूस माणूस वाटत नाही, असं म्हणतात. म्हणून बाया एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे हाळी देत राहतात. एकीनं लांब 'हूऽऽ' केलं की पलीकडची करते, मग तिच्या पलीकडची. एखादीचं उत्तर आलं नाही की सगळ्या उठून उभ्या राहतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चहाचा कप हातात धरून उभाच राहिलो. साधी गोष्ट होती आणि ती बिनचूक चालत होती.

खांबासाठी आम्ही जी जागा निवडली तिथून एक झाड अगदी मधोमध यायचं. ते एका पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं होतं. तिचं घर गावातलं शेवटचं. नवरा दोन एकरांत धान करायचा आणि फार बोलायचा नाही. बोलण्याचं खातं सगळं तिच्याकडे. चार दिवस आमचं काम चाललं, चारही दिवस तिनं कोरा चहा पाजला. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन गवताचं चित्र पाहत बसायचो, ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहायची.

"भाऊ, गवत पाहाचा पगार भेटते का तुमाले?"

"भेटते ना बाई."

"मंग आमाले काऊन नाई भेटत? आमी तं जन्मभर पाहून राह्यलो."

एकदा माझ्या खांद्यावरून वाकून तिनं स्क्रीन पाहिली. "माहं झाड दिसते का यात?"

"मधोमध दिसते."

"अन् मी?"

"तुमी बी दिसता."

"असं व्हय! मंग चांगलं लुगडं नेसून येत जाईन," म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून हसली.

झाडाखाली तिनं एक जुनी साडी बांधलेली होती. दोन बांबू रोवून, मधे ताणून, एक टोक मोकळं सोडलेलं. डुकरं, चितळं, गावातली ढोरं मोहावर तुटून पडतात. बाई येण्याआधी फुलं त्यांच्या पोटात जाऊ नयेत म्हणून ही युक्ती. वाऱ्यानं टोक फडफडलं की जनावराला माणूस वाटतो. शिवाय साडी ओळखीची असते, झाड कुणाचं ते लांबून कळतं. तिची गुलाबी होती, उन्हानं विटलेली. मोहाचा हंगाम संपेपर्यंत ती तिथेच राहायची.

काम संपलं, मी चंद्रपूरला परतलो आणि तिथे नेटवर्कवरून काय पोचतं ते पहिल्यांदा नीट पाहिलं. चित्र फुटत होतं. गवत, वाट, नाल्याकडची झुडपं, सगळ्याचे ढेकळासारखे चौकोन होत होते. कारण शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ती साडी. कापडाची हालचाल ही माझ्या धंद्यातली सगळ्यात वाईट हालचाल. वरचा तुकडा डावीकडे, खालचा उजवीकडे, मधला घडीत गडप. शेजारच्यावरून शेजारच्याचा अंदाज लागत नाही, म्हणून प्रत्येक चौकोनाला लांबच लांब खूण. चित्रात बोटभर जागा व्यापणारी साडी अर्ध्याहून जास्त बिट खात होती आणि बाकीचं जंगल उपाशी राहत होतं. वर ती अशी फडफडायची की सायरनचा प्रोग्राम दर थोड्या वेळानं तिलाच जनावर समजायचा.

दोन दिवसांनी वनखात्याच्या मोठ्या साहेबांसमोर दाखवायचं होतं. ठेकेदार माझ्या घरी आला, खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसला.

"थे साडी काऊन नाचून राह्यली मधात?"

मी कारण सांगितलं. बाई, मोह, डुकरं.

"आपल्याले काय करायचं डुकराचं? साहेबाले चित्र कडक पायजे. बंद करा थे साडी."

"बंद कशी करू?"

"तुमच्या मशीनमधी करा ना. इतके शिकले तुमी, मंग काय कामाचे?"

मला ते लागलं. इतक्या वर्षांच्या माणसाला इतक्या स्वस्तात डिवचता येतं याची आज शिसारी येते. मी माऊसनं झाडाभोवती एक मोठा चौकोन ओढला. साडी, बुंधा, खालची झाडून स्वच्छ केलेली जमीन, मागची नाल्याकडची झुडपं, सगळं त्यात आलं. यंत्राला सांगितलं, या चौकोनात काहीही झालं तरी 'हललं नाही' असंच लिहायचं. बस्स, एकेक बिट. एवढ्यावर थांबलो नाही. पूर्ण फोटो महाग पडतो म्हणून तो दर मिनिटाला जात होता, तो मी दर बारा मिनिटांवर नेला. साडी थिजली आणि बाकीचं जंगल असं उजळलं की ठेकेदारानं माझ्या पाठीवर थाप मारली. त्याच्या तोंडाला तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा वास येत होता. मी हसलो.

दाखवून झालं की काढून टाकू, असं मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. ठेकेदारानं मान डोलावली.

मग तो हॉल, त्या टाळ्या, काजूची प्लेट. मोठ्या साहेबांनी विचारलं, इतक्या कमी नेटवर्कमध्ये इतकं स्वच्छ कसं हो? आणि मी त्यांना मिस्ड कॉलची गोष्ट सांगितली. बापाची. ते खूश झाले. आपली माणसं किती हुशार असतात बघा, असं शेजारच्याला म्हणाले. बाप तेव्हा घरी ऑक्सिजनची नळी लावून खोकत होता आणि मी त्याच्या रिंगा काजूसोबत वाटत होतो. तो चौकोन मात्र तसाच राहिला.

त्यानंतर आठवड्याभरात सायरन खरोखर वाजला. चित्राच्या डाव्या कडेनं, धान कापून मोकळ्या पडलेल्या बांधीतून, भर सकाळी वाघ चालत गेला. नोंदी स्वच्छ आल्या, प्रोग्रामनं ओळखलं, सायरन वाजला, बाया टोपल्या टाकून गावात पळाल्या. कुणाला खरचटलंही नाही. साहेबांनी तो फोटो कुठे कुठे पाठवला. ठेकेदाराला आणखी गावं मिळायची बोलणी सुरू झाली. आणि गावाचा सायरनवर विश्वास बसला. बसणारच, वाघ त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

मी सोलरची बॅटरी बदलायला गेलो तेव्हा सकाळ होती. मोह वेचणं चालू होतं, पण हाळी ऐकू येत नव्हती. एखादी दिली तर दिली. बाई झाडाखालून उठून आली, हात फुलांच्या चिकानं चिकट झालेले. मला म्हणाली, "भाऊ, आता आवाज नाई देला तरी चालते ना? घसा सुकते. सरपंच म्हणे, सायरन हाये तं काऊन बोंबलता?"

मी तिच्या मागे पाहिलं. साडी फडफडत होती. तेव्हा मला तो चौकोन आठवला. अगदी स्पष्ट आठवला, माऊसनं ओढलेली त्याची चारही टोकं आठवली. मनात म्हटलं, आज घरी गेलो की पहिलं ते काढतो.

आणि तोंडानं म्हटलं, "सायरन हाये ना बाई."

घरी गेलो आणि काढलं नाही. का नाही काढलं याचं मी स्वतःला बरंच काही सांगत आलोय. बापाला त्या दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं, हे खरं आहे. पण दोन दिवसांनी तो घरी आला, तेव्हा मी कॉम्प्युटरसमोर बसलो होतो, तो चौकोन माझ्यासमोर होता आणि काढला असता तर चित्र पुन्हा फुटलं असतं, सायरन साडीसाठी वाजत राहिला असता, ठेकेदाराचा फोन आला असता. म्हणजे मला वेळ नव्हता असं नाही. मला माझं चित्र घाण व्हायला नको होतं. एवढीच ती गोष्ट आहे, आणि हे लिहितानाही मला माझीच किळस येते.

ती गेली तो दिवस शनिवार होता. सकाळी साडेसातला ठेकेदाराचा फोन आला. एक रिंग नाही, दोन नाही, थांबतच नव्हता. उचलला तर म्हणाला, "थ्या झाडवाली बाई मेली. वाघानं नेली. सायरन नाई वाजला. या लवकर."

नाल्यात सापडली होती, झाडापासून दोनशे पावलांवर. झाडाखालून ओढत नेल्याची खूण गावानं पाहिली होती, पण साहेब पोचेपर्यंत शंभर-दीडशे पायांनी ती पुसून टाकली होती. दुपारी ठेकेदाराच्या ऑफिसात आम्ही व्हिडिओ लावला. तो, मी आणि कार्यालयातून आलेले एक साहेब. टेबलावर समोसे होते. माणूस मेल्याचा व्हिडिओ पाहायला समोसे कुणी मागवले होते, मला माहीत नाही, पण साहेबांनी दोन खाल्ले.

सहा वाजून पाच मिनिटं. पूर्ण फोटो आला. बाई झाडाखाली बसलेली, पाठ आमच्याकडे, डावा हात टोपलीच्या काठावर. लुगडं हिरवं, चांगल्यातलं. मागे थिजलेली गुलाबी साडी. मग पुढचं सुरू झालं. गवत हललं. एक भारद्वाज वाटेवर उतरला, चालला, उडाला. सहा वाजून नऊ मिनिटांनी उजव्या कडेनं गावातलं एक कुत्रं आलं, एकाएकी थांबलं, झाडाकडे तोंड करून पाय रोवून उभं राहिलं. त्याचं तोंड उघडमिट होत होतं. आवाज आमच्याकडे येत नव्हता. मग ते मागे मागे सरकलं, शेपूट पायात घातली आणि पळालं. कुत्रं खरं होतं, गवतही खरं होतं. मधे बाई टोपलीच्या काठावर हात ठेवून शांत बसली होती. ना मान हलत होती, ना बोट.

सहा वाजून सतरा मिनिटं. दुसरा पूर्ण फोटो. टोपली तिथेच, अर्धी भरलेली. बाई नाही.

"म्हणजे सतरापर्यंत आरामात बसली होती," साहेब तोंड पुसत म्हणाले. "मग उठून स्वतःच आत गेली. नाल्याकडे. कशाला जातात ही माणसं आत? सांगून सांगून थकलो."

ठेकेदारानं माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं डोळ्यानं नुसतं विचारलं आणि मी खाली पाहिलं. समोशाचं तेल कागदातून टेबलावर उतरलं होतं. साहेब म्हणाले, एक पानाचा तांत्रिक अहवाल द्या, म्हणजे विषय संपला. बाई स्वतःहून मनाई असलेल्या जंगलात गेली असं ठरलं की चूक तिची. मग सायरनला कुणी काही विचारत नाही.

मी तो अहवाल लिहिला. 'सकाळी सहा वाजून सतरा मिनिटांपर्यंत सदर महिला झाडाखाली बसलेली दिसते.' या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी ते तीनदा वाचून पाहिलं आणि खालची सही वळणदार केली. नंतर मी दुसरं पत्र दिलं, त्यात सगळं खरं लिहिलं. त्याची पोच माझ्या कपाटात आहे. त्याचं पुढे काही झालं नाही. ठेकेदारानं दुसरा इंजिनिअर धरला. दुसऱ्या पत्राबद्दल मला कुणाची शाबासकी नको. ते पहिलं असायला हवं होतं, आणि ते लिहायचं धैर्यही मला आपणहून आलं नाही. मधे एक सकाळ होती.

दोन आठवड्यांनी गावातून निरोप आला होता. तिच्या नवऱ्याला कळलं होतं की तिचा शेवटचा व्हिडिओ आहे. घरात तिचा मोठा असा एकही फोटो नव्हता, कार्डावरचा नखाएवढा होता तेवढाच. पाहायला मिळेल का, असं त्यानं विचारलं होतं. मागणी अशी की नाही म्हणता येईना. मी लॅपटॉप घेऊन गेलो.

तो झाडाखालीच भेटला. मोह संपत आला होता, शेवटची फुलं तो वेचत होता. तिची टोपली, तिची जागा. पलीकडच्या झाडाखालून हाळी येत होती, तो उत्तर देत होता. बाया पुन्हा हाळी द्यायला लागल्या होत्या, आता पुरुषही देत होते. मी बुंध्याच्या सावलीत लॅपटॉप उघडला आणि बटण दाबलं. मला वाटलं होतं तो एकदा पाहील, रडेल, मी निघेन.

तो रडला नाही. वाकून, डोळे बारीक करून पाहत राहिला. ती बसलेली, टोपलीवर हात. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"बसूनच हाये," तो म्हणाला. "पाह्यजा, कशी बसून हाये."

संपलं. त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. ती बारा मिनिटं तो तिच्यासोबत बसला. एकदा तर त्यानं बोट पुढे केलं आणि स्क्रीनला न लावता मागे घेतलं. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा कुत्रं आलं आणि तो म्हणाला, "थे कुत्रं तं भेलं दिसते. माही कायले नाई भेली? मान बी नाई वळवली तिनं."

माझा हात बटणावर गेला. मी चित्र थांबवलं.

"भाऊ, हे थे नोहे," मी म्हटलं. "हे सहा वाजून पाच मिनिटांचंच चित्र हाये. थेच पुन्हा पुन्हा दिसून राह्यलं. कुत्रं आलं तवा इथी काय होऊन राह्यलं होतं, थे यात नाई."

त्याला कळायला वेळ लागला. "मंग हे बारा मिनिटं?"

"जुनी. फक्त गवत नवं हाये."

"म्हणजे साहेब म्हणते तशी थे उठून आत नाई गेली?"

"गावानं ओढल्याची खूण पाह्यली, थेच खरं. यंत्रानं पाह्यलंच नाई. बारा मिनिटं अशी बसून होती हे बी खरं नाई."

त्यानं स्क्रीनवरच्या हिरव्या लुगड्याकडे पाहिलं. आवाज चढला नाही. "काऊन नाई पाह्यलं?"

"इथलं मी बंद केलं होतं. या झाडाखाली काई बी हाललं तरी हाललं नाई असं सांगजो, असं मीच त्याले सांगून ठेवलं होतं. म्हणून सायरन नाई वाजला."

"काऊन?"

मला मोठमोठी कारणं येत होती. नेटवर्क, बिट, साहेब, ठेकेदार. ती सोडून मी वर बोट केलं. दोन बांबूंमध्ये ती गुलाबी साडी तशीच बांधलेली होती, आणि सकाळच्या वाऱ्यानं टोक फडफडत होतं.

"साडी हालत होती," मी म्हटलं.

तो साडीकडे पाहत राहिला. पलीकडून हाळी आली, त्यानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा दोन-तीन झाडांखालून एकदम आली, बाया उठून उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा त्यानं तोंडाशी हात नेऊन लांब 'हूऽऽ' केलं आणि उठला. बांबूपाशी गेला. एक गाठ सोडली, मग दुसरी. साडी खांद्यावर घेतली, तिची नीट घडी घातली. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल.

"इतकंच होतं तं सांगाचं ना भाऊ," तो म्हणाला. "रोज सकाळी आली का पहिले तिनं साडी सोडून ठेवली असती."